मळ्यावरचा हिरवा रंग

महापालिकेच्या नगररचना विभागात मी ट्रेसर म्हणून लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि माझं लग्न व्हायचं होतं. वडील नाशिक रोडला प्रेसमध्ये कामगार. कॉलनीतल्या दोन खोल्यांत आम्ही सहा जणं राहायचो. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली आमच्या ओळखीतली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे नेमणुकीचं पत्र आल्यावर वडिलांनी ते शेजारच्या चार घरांत नेऊन दाखवलं. मी नेमकं काय करते हे मात्र त्यांना कधी नीट सांगता आलं नाही. "नकाशे काढते," एवढंच म्हणायचे. मी नकाशे काढत नव्हते. दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरून त्याच रेषा शाईनं पुन्हा ओढत होते.

आमचे मुख्य आरेखक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. फार कमी बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक जुनं पेन, ब्लेडचं अर्धं पान आणि एकच सूचना दिली: "रेघ ओढताना श्वास सोडायचा नाही." ब्लेड चुकलेली शाई खरवडायला. पहिल्या महिन्यात मी पेनापेक्षा ब्लेडच जास्त चालवलं.

तेव्हा शहराची नवी विकास योजना तयार होत होती. पुढच्या वीसेक वर्षांत शहर कुठे वाढेल, रस्ते कुठून जातील, शाळा, बाजार, दवाखाना आणि बाग कुठे असेल, हे आधी कागदावर ठरवायचं. ज्याच्या जमिनीवर असं काही ठरतं त्याच्यावर 'आरक्षण पडलं' म्हणतात. जमीन त्याचीच राहते. तो तिथे शेती करू शकतो, पण बांधकाम करू शकत नाही. महापालिका ती कधीतरी ताब्यात घेईल, तोवर थांबायचं. राहण्याच्या भागाला पिवळा रंग, व्यापाराला निळा, बागेला गडद हिरवा. रंग द्यायचं काम माझ्याकडे आणि आणखी दोन मुलींकडे होतं. कुणाची जमीन रंगवतोय असा विचार आम्ही करत नव्हतो. पिवळा रंग सारखा बसला पाहिजे, डाग पडता कामा नये, एवढीच काळजी.

योजना तयार झाली आणि लोकांना बघायला मांडली गेली. एका मोठ्या हॉलच्या भिंतीवर सगळे नकाशे लावले, आणि ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी असं जाहीर झालं. पहिल्या आठवड्यात जत्रेसारखी गर्दी होती. नकाशा वाचणं सगळ्यांना येत नाही, म्हणून मला एका टेबलाशी बसवलं. लोक सर्व्हे नंबर सांगायचे आणि मी नकाशावर बोट ठेवून दाखवायचे. काही जण शांतपणे मान हलवून जायचे. काही जण माझ्यावरच ओरडायचे, जणू त्यांच्या शेतातून रस्ता मीच नेला होता.

मावशी आल्या त्या दुपारी, गर्दी ओसरल्यावर. पन्नाशीच्या असतील. नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर रिकामी पाटी, पायांना वाळलेला चिखल. पंचवटीच्या बाजारात सकाळी भाजी विकून त्या थेट इकडे आल्या होत्या. सर्व्हे नंबर त्यांनी कुणाकडून तरी बसच्या तिकिटामागे लिहून आणला होता.

मी नंबर शोधला. पंचवटीच्या मागे, पाटाच्या कडेला एक लांबट तुकडा होता. गडद हिरवा.

"ह्यो रंग कशाचा?" त्यांनी विचारलं.

"बागेचा, मावशी. तुमच्या जमिनीवर बागेचं आरक्षण आलंय."

"म्हंजे काय व्हईल?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी प्रश्न विचारले ते अगदी एकामागून एक, मोजून आणल्यासारखे. शेती करता येईल का? येईल. विहिरीचं पाणी वापरता येईल का? येईल. घर वाढवता येईल का? नाही, परवानगी मिळणार नाही. विकता येईल का? विकता येईल, पण बांधकामच करता येणार नाही म्हटल्यावर घेणार कोण?

शेवटच्या उत्तरावर त्या जरा थांबल्या. मी हरकतीचा छापील अर्ज पुढे केला. "मी लिहून देते. तुम्ही फक्त अंगठा द्या."

"बसते जरा," म्हणाल्या आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसल्या. अर्ध्या तासानं परत आल्या. "नाय लिवायचं काही," म्हणाल्या आणि पाटी उचलून गेल्या.

मला वाईट वाटलं. त्यांना कळलंच नाही असं मी धरून चालले. घरी आल्यावर आईला सांगितलं, की एका अडाणी बाईची जमीन अडकली आणि तिनं साधी हरकतसुद्धा घेतली नाही. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुला कसं ठाऊक ती अडाणी हे? तू तिला विचारलंस का, का नाही लिहायचं?"

विचारलं नव्हतं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्यांचा थोरला मुलगा आला. सातपूरला एका कारखान्यात कामाला होता आणि पहिली पाळी संपवून तसाच आला होता. त्यानं हरकत लिहूनच आणली होती: आमच्या मळ्यावरचं आरक्षण रद्द करावं, आमची उपजीविका त्यावर आहे. अर्ज आईच्या नावानं होता, कारण वडील गेल्यावर जमीन आईच्या नावावर झाली होती. खाली अंगठा होता. मी अर्ज घेतला आणि शिक्का मारून पोच दिली. मनात म्हटलं, चला, कुणीतरी शहाणपणा केला.

काही महिन्यांनी सुनावणी झाली. समितीचे सदस्य लांब टेबलामागे बसायचे, लोक एकेक करून आत यायचे, आणि त्या-त्या भागाचा नकाशा समितीपुढे धरून उभं राहायचं काम माझं आणि एका शिपायाचं. दिवसभर हात वर धरून खांदे भरून यायचे. मावशींचा नंबर पुकारला तेव्हा त्या मुलाबरोबर आत आल्या. मुलानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

अध्यक्षांनी अर्ज वाचला. चांगले गृहस्थ होते, घाई करत नव्हते. त्यांनी मावशींनाच विचारलं, "बाई, तुमची हरकत काय आहे ते तुमच्या शब्दांत सांगा."

मावशी म्हणाल्या, "माजी काय हरकत नाय."

मुलगा एकदम म्हणाला, "आई!"

"हरकत याची हाय. अंगठा माजा हाय, पण तवा मला वाटलं पाण्याच्या पट्टीचा कागद हाय. जमीन माज्या नावावर हाय, साहेब. मला बाग चालंल."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी मुलाकडे पाहून विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का? मुलगा लाल झाला होता. त्यानं फक्त मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी ते मला अजून सांगता येणार नाही. हरकत मागे घेतली अशी नोंद झाली आणि पुढचा नंबर पुकारला गेला.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना शोधत बाहेर गेले. मुलगा निघून गेला होता. मावशी नळाशी तोंड धूत होत्या.

"मावशी, असं का केलंत?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आमच्या शेजारचा मळा गेला. त्याच्या पल्याडचा गेला. बिल्डर रोज यायचा बघ, पोरांना घिऊन चहाला जायचा. पोरं दर दोन दिवसांनी माज्याम्होरं बसायची, आई विकू, आई विकू. तू ते हिरवं दावलंस, अन् ते कळल्यापासून एक मानूस फिरकला नाय." पदर खोचून म्हणाल्या, "शहराला बाग कवा करायची ती करू दे. तवर माजी मेथी."

आम्ही कार्यालयातली माणसं त्या रंगाकडे शिक्षा म्हणून बघत होतो. या बाईनं पायऱ्यांवर अर्धा तास बसून त्याचं कुंपण केलं होतं.

त्यानंतर त्या वर्षातून दोनदा यायच्या, एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा उन्हाळ्यात. योजना सरकारकडे मंजुरीला गेली होती. तुकड्यातुकड्यानं मंजुरी येत होती आणि कुणाकुणाची आरक्षणं उठतही होती. मावशींना त्याची धास्ती. माझ्या टेबलाशी येऊन विचारायच्या, "हिरवं हाय ना?" मी नकाशा उलगडून दाखवायचे. त्या स्वतः वाकून बघायच्या आणि मग मेथीची किंवा कोथिंबिरीची जुडी टेबलावर ठेवायच्या. मी पहिल्या वेळी म्हटलं, "मावशी, आम्हाला असं काही घेता येत नाही." त्या म्हणाल्या, "मग टाकून दे." आणि चालू लागल्या. मुख्य आरेखकांनी ती जुडी उचलून शिपायाच्या पिशवीत घातली. तोच पायंडा पडला. शिपायाच्या घरी वर्षातून दोनदा मावशींची भाजी शिजायची.

खरं सांगायचं तर मला त्यांचा अभिमान वाटायला लागला होता. कार्यालयात दिवसभर माणसं आरक्षण उठवायला यायची, ओळखी काढून, वकील घेऊन. त्यात ही एकटी बाई आरक्षण टिकलंय ना हे बघायला यायची. मी घरी, मैत्रिणींत, लग्न झाल्यावर सासरीसुद्धा त्यांची गोष्ट सांगायचे. दर वेळी सांगताना त्या थोड्या जास्त ठाम व्हायच्या आणि मुलगा थोडा जास्त लोभी.

एकदा पाहणीसाठी म्हणून त्यांच्या मळ्यात जाणं झालं. तोवर त्या भागाचं रूप पालटलं होतं. पाटाच्या कडेनं तीन-चार मजली इमारतींची रांग झाली होती आणि मध्ये हा एकच लांबट हिरवा पट्टा. मेथीचे वाफे, शेपू, एका बाजूला गिलक्यांचा मांडव. इमारतीतल्या बायका वरून दोरीनं पिशव्या सोडायच्या, मावशी त्यात भाजी भरायच्या. मला ते फार आवडलं. विहिरीच्या कडेला पत्र्याचं दोन खोल्यांचं घर होतं, तिकडे मी ओझरतं पाहिलं. सून ओट्यावर धान्य निवडत होती. तिनं मला पाणी दिलं. मी पाणी पिऊन पुन्हा वाफ्यांकडे वळले.

अशी दहा वर्षं गेली. माझी मुलगी शाळेत जाऊ लागली. मुख्य आरेखक कधीच निवृत्त झाले होते. कार्यालयात संगणक आले होते आणि मी पेन सोडून माऊस धरायला शिकत होते. हात थरथरला तरी रेघ सरळच येते याचं मला बरेच दिवस नवल वाटायचं.

कायद्यात अशी सोय आहे की दहा वर्षांत महापालिकेनं आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो: घ्या, नाहीतर सोडा. त्यानंतर ठरावीक मुदतीत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण उठतं. दहा वर्षं भरली तशा नोटिसा येऊ लागल्या. मावशींची येणार नाही हे मला ठाऊक होतं.

आली ती त्यांची सून.

मी तिला ओळखलंच नाही. सडपातळ, तिशी ओलांडलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. म्हणाली, "ताई, मी मळ्यातली. तुम्ही पाणी प्यायला होतात आमच्याकडे." वकिलाकडून नोटीस तयार करून आणली होती, फक्त सासूबाईंचा अंगठा राहिला होता. "त्या देत नाहीत. घरात दोन महिने बोलणं बंद आहे. तुमचं नाव रोज काढतात, ताई म्हणाली, ताईनं दाखवलं. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

मी जरा ताठच झाले. म्हटलं, "जमीन त्यांची आहे. त्यांना विकायची नसेल तर मी कशी सांगू?"

"विकायचं कोण म्हणतंय?" ती म्हणाली. मग खाली बघत, हळू आवाजात तिनं सांगितलं ते मी जसंच्या तसं विसरू शकलेले नाही. "ताई, आमच्याकडे न्हाणी नाही. गोणपाट लावून आडोसा केलाय, वर उघडा. मी लग्न होऊन आले तेव्हा भोवती शेतं होती. आता तीन बाजूंनी खिडक्या आहेत. मी पहाटे साडेचारला उठून अंघोळ करते, अंधारात. मुलगी आता बारा वर्षांची झाली. तिलापण साडेचारला उठवते. पक्की न्हाणी बांधायला गेलो तर तुमच्याच कार्यालयाचा माणूस आला, म्हणाला आरक्षणात बांधकाम चालत नाही. दोन खोल्यांत आम्ही सात जणं. धाकट्या दिरासाठी मुलीकडचे येतात, घर बघतात आणि परत जातात."

शेजारच्या टेबलावरची मुलगी टाइप करायची थांबली होती.

दहा वर्षं मी जी गोष्ट सांगत होते तिच्यात ही बाई कुठे नव्हतीच. ती ओट्यावर धान्य निवडत होती आणि मी तिच्या हातचं पाणी पिऊन गिलक्यांचा मांडव बघायला गेले होते. मी स्वतः दोन खोल्यांत सहा जणांत वाढलेली, आडोशाचा अर्थ मला कुणी शिकवायला नको होता.

त्या रविवारी मी मळ्यात गेले. मावशी वांग्यांना पाणी देत होत्या. मला बघून हसल्या. मी बांधावर बसले आणि सूनबाईनं सांगितलेलं सांगितलं, तिचं नाव न लपवता. मावशींचं हसू गेलं.

"मला कुणी सांगितलं नाय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला दिसत नव्हतं का?"

"तिकडं खिडक्या हायेत, हे दिसतंय की. पन त्यांना आमचं काय दिसतंय, ते मला कसं दिसंल?" आवाज चढला होता. "मी बी तिथंच न्हाते. मला कोन बघतंय म्हातारीला?"

सून दारात उभी होती. ती पुढे आली. सासूशी दोन महिन्यांत पहिल्यांदाच बोलत होती. "आत्याबाई, चला माझ्याबरोबर. दहा मिनिटं."

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक शिक्षिका राहत होती, मावशींचं रोजचं गिऱ्हाईक. सून पुढे, मावशी मध्ये आणि मागे मी, अशा आम्ही जिना चढलो. मावशी दर मजल्यावर थांबत होत्या. शिक्षिकेनं दार उघडलं. तिघींना पाहून तिला काय वाटलं असेल कुणास ठाऊक. सून म्हणाली, "बाई, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचा मळा बघायचाय आत्याबाईंना."

मावशी खिडकीशी गेल्या. खाली सगळा पट्टा दिसत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाफ्यावाफ्यानं आखलेला. त्यांनी तो असा वरून कधी पाहिला नव्हता. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. "केवढा दिसतोय," म्हणाल्या. मग नजर फिरत विहिरीशी आली, घराच्या पत्र्यावर आली, घरामागे आली. गोणपाटाचा चौकोन होता. आत पाण्याची बादली, तांब्या, दगडावर ठेवलेला साबण. साबणाचा गुलाबी रंगसुद्धा दिसत होता.

शिक्षिका खालच्या आवाजात म्हणाली, "मी सकाळी पडदा लावून ठेवते, मावशी. पण सगळेच लावतात असं नाही."

मावशी खिडकीपासून मागे वळल्या. मग त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, एकदाच, आणि जिना उतरायला लागल्या. मळ्यात आल्यावर त्यांनी मला विचारलं, "मला एक सांग. समदंच हिरवं ठेवायचं नायतर समदंच सोडायचं, असंच हाय का? घरापुरतं सोडून बाकीचं त्यांना बागंला दिलं तर?"

सोमवारी मी आमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मालक स्वतः जमीन देतोय म्हटल्यावर विचार करता येईल. पण योजनेत बदल करायचा म्हणजे महासभा आली, पुन्हा हरकती आल्या, सरकारची मंजुरी आली. लवकर होणार नाही हे त्यांना सांगून ठेवा."

लवकर झालं नाही. प्रस्ताव तयार करायला पावसाळा गेला. घर, विहिरीपर्यंतची वाट आणि मागची थोडी जागा आरक्षणातून वगळायची आणि उरलेला मळा मालकानं बागेसाठी आपण होऊन द्यायचा, असा तो होता. मोबदला म्हणून दुसरीकडे बांधकाम करायचा हक्क मिळणार होता. तो विकता येतो, हे मुलांना समजल्यावर घरातला अबोला सुटला. थोरला मुलगा कार्यालयात चकरा मारू लागला. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. दुपारच्या डब्यासकट यायचा, नंबर येईपर्यंत व्हरांड्यात बसून जेवायचा आणि डबा धुऊनच परत न्यायचा. एकदा मीच त्याच्याशी सुनावणीच्या त्या दिवसाबद्दल बोलले. म्हटलं, "तुम्हाला राग आला असेल तेव्हा."

"राग नाही, लाज वाटली," तो म्हणाला. "खोटं सांगून अंगठा घेतला होता मी. आईनं घरी तो विषय एका शब्दानं काढला नाही पुन्हा. ते जास्त लागलं."

महासभेत विषय आला त्या दिवशी मी नकाशा घेऊन कोपऱ्यात बसले होते. आधीचे तीन विषय रस्त्यांचे होते आणि त्यांवर भरपूर वादावादी झाली. आमचा विषय निघाला तेव्हा बरेचसे सदस्य चहाला गेले होते. एका नगरसेविकेनं विचारलं, "या बाई जमीन स्वतःहून का देतायत?" साहेबांनी तांत्रिक उत्तर दिलं. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सभागृहात बोलू शकत नव्हते. त्यांनीच शब्द जुळवत सांगितलं, "घरात बायकांना स्नानगृह बांधायचंय, ते आरक्षणामुळे अडलंय." नगरसेविका म्हणाली, "मग मंजूर." विषयाला दोन मिनिटंही लागली नसतील. सरकारची मंजुरी यायला मात्र दोन वर्षं लागली.

ती आली तेव्हा नकाशातला तो बदल मीच केला. आता तो संगणकावर होता. हिरव्या पट्ट्याच्या कडेला एक लहानसा पिवळा चौकोन काढायचा होता. पडद्यावर तो नखाएवढा होता. मी मोठा करून पाहिला, कडा जुळल्यात ना ते तपासलं आणि जतन केला.

ज्या हंगामात जमीन द्यायची होती त्यात मावशींनी शेवटची मेथी पेरली. सगळ्यांनी सांगितलं, कशाला, आता ट्रॅक्टर फिरेलच. पण ताबा घ्यायला माणसं यायला उशीर झाला आणि मेथी काढणीला आली. मोजणीवाले आले त्या सकाळी मावशींनी त्यांना तासभर बाहेर बसवून ठेवलं आणि सुनेला, नातीला घेऊन सगळे वाफे उपटून काढले. मोजणीवाल्यांना जाताना एकेक जुडी दिली. मी नव्हते तिथे, हे मला त्या मोजणीवाल्यांकडूनच कळलं. ते म्हणाले, म्हातारी रडेल असं वाटलं होतं, पण ती आम्हाला मोजणीची साखळी नीट धरायला सांगत होती.

त्यानंतर सहा महिने मावशी आजारी होत्या. आजार असा काही नव्हता, जेवण कमी झालं होतं. पहाटे उठायच्या, पाटी घ्यायच्या आणि दारात येऊन थांबायच्या. सून मला फोनवर सांगायची. मला दोष द्यायची नाही, पण मला तो वाटायचाच. जे झालं ते बरोबर झालं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. त्यानं मावशींच्या रिकाम्या सकाळी भरत नव्हत्या.

घर मात्र झालं. चार खोल्या, वर गच्ची, पक्की न्हाणी आणि संडास. धाकट्याचं लग्न त्याच घरात ठरलं. मी वास्तुशांतीला गेले तेव्हा नातीनं मला घर दाखवलं. ती आता कॉलेजात जायला लागली होती आणि सकाळी सातपर्यंत झोपते अशी तिच्या आईची तक्रार होती.

बाग व्हायला आणखी दोन-तीन वर्षं गेली. दोन हजार सालही मागे पडून बरीच वर्षं झाली होती. उद्घाटनाला मांडव, भाषणं, हार सगळं होतं. जमीन देणाऱ्या कुटुंबाचे आभार मानले गेले. मावशींना व्यासपीठावर बोलावलं होतं, पण त्या गेल्या नाहीत, सुनेबरोबर मागच्या खुर्चीवर बसून राहिल्या. मी शेजारी जाऊन बसले. समोर हिरवळ पसरली होती, कडेनं चालायची वाट, एका कोपऱ्यात मुलांसाठी घसरगुंडी.

"एवढं गवत," मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "अन् खायला एक म्हस नाय."

सून तोंडावर पदर घेऊन हसली.

भाषणं संपल्यावर लोक पांगले. बागेचा माळी पाण्याची नळी घेऊन आला, देवळ्याकडचा तरुण होता, नव्यानंच कामाला लागलेला. भर दुपारी पाणी घालायला लागला तशा मावशी उठल्या आणि तडक त्याच्याकडे गेल्या. "उन्हात कुनी पानी घालतं का? आन् ती घसरगुंडी कुनी ठिवली तिथं? पावसाळ्यात त्या कोपऱ्यात गुडघाभर पानी साचतं, पोरं पडतील."

माळ्यानं नळी बंद केली. "मला काय माहीत, आजी. मला जसं सांगितलं तसं."

"मग इचारायचं. मी समोरच तर ऱ्हाते."

तो खरंच त्यांच्यामागून चालायला लागला. मावशी पुढे होत्या, हातानं दाखवत: इथे काळी माती, इथे मुरूम, इथे खाली जुनी पाइपलाइन, इथे गुलाब लावू नको, जगणार नाहीत. सून आणि मी खुर्च्यांवर बसून बघत होतो. मांडववाले बाकीच्या खुर्च्या उचलून एकात एक रचत होते.

"आता हा रोज दारात येणार," सून म्हणाली. "चहाची साखर वाढवायला हवी."

मला नाशिक रोडची बस गाठायची होती. मावशींना सांगून निघावं म्हणून मी उठले, पण त्या बागेच्या पार टोकाला गेल्या होत्या आणि माळ्याला वाकून काहीतरी दाखवत होत्या. मी सुनेचा निरोप घेतला आणि नव्या फाटकातून बाहेर पडले.